गोधडीतला रुईफुली काठ

काशीराम गेल्याची खबर आणणाऱ्या माणसाला मी आधी ओसरीवर बसूच दिलं नाही. उभ्याउभ्याच विचारलं, "तुले कोणं सांगतलं?" तो मंगरुळच्या कापसाच्या जिनातला हमाल होता. अडीच कोस पायी आलेला, अंग घामानं निथळत होतं. म्हणाला, "सांगाचं काय त्याच्यात? मी खांदा देऊन येऊन राह्यलो." तरी मी म्हटलं, "काशीरामच नं? अंगठ्याजवळचं बोट तुटेल?" तो माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला. "पाटील, तुमचा साडू व्हय तो. अन् तुमाले साडू तरी किती हायेत?" एकच होता. मग मी त्याला बसवलं, पाणी मागवलं... पण पाणी येईपर्यंत माझ्या मनात एकच चाललं होतं. हा गेला, म्हणजे आता ह्याला विचारता येणार नाही. माझ्या मेलेल्या बायकोचं लुगडं तुझ्याकडे कसं आलं, एवढंच मला त्याला विचारायचं होतं. चौदा वर्षं मी ते विचारलं नाही आणि आता तो उत्तर घेऊन निघून गेला.

ह्या गोष्टीला दीड महिना होत आला. जिनातली माणसं म्हणाली, तुम्ही त्याचे जवळचे, वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्याच्यावर चार ओळी लिहून द्या. मी दुसऱ्या बुकापर्यंत शिकलो. वेलांट्या चुकल्या असतील तर छापणाऱ्यांनी नीट कराव्यात, मजकूर मात्र आहे तसाच ठेवावा. छापून आल्यावर मी ओळ न् ओळ ताडून पाहणार आहे. काशीराम मोठ्या मनाचा होता, हात त्याचा कलेचा होता, असं सगळेच सांगतील. मला ते सांगायचं नाही. मी त्या माणसावर तीस वर्षं नजर ठेवली. इतकं बारकाईनं त्याला त्याच्या बायकोनंही पाहिलं नसेल.

त्याची बायको सरजाबाई म्हणजे माझ्या बायकोची, मैनाची, थोरली बहीण. दोघी बहिणी दोघांच्या घरी आल्या म्हणून आम्ही साडू झालो, नाहीतर त्याचं माझं जमण्यासारखं काही नव्हतं. माझी स्वतःची जमीन, दोन बैलजोड्या. तो जिनात कापूस लोटायचा. तिथल्याच यंत्रात त्याचं बोट गेलं. त्यांना मूलबाळ झालं नाही. पण लग्न असो, बारसं असो, मुंज असो, काशीराम कोणाच्याही घरी रिकाम्या हातानं गेला नाही, आणि दुकानातलंही काही घेऊन गेला नाही. जे लोक टाकून देतात ते हा वेचायचा. कापसाच्या गठाणीवरचं फाटकं तरट, घासलेटचा पिचलेला डबा, फुटक्या बांगड्या, जुन्या छत्रीच्या काड्या, शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्या. जिनातून सुटला की परसात बसायचा, सुई नऊ बोटांनी चालवायचा, आणि त्यातून काहीतरी काढायचा. बांगड्यांच्या काचांचं तोरण, तरटाचे राघू, छत्रीच्या काळ्या कापडाची मुलांची टोपी, डब्याच्या पत्र्याचा खुळखुळा. त्याच्या हाताचा टाका एका अंगानं लांब आणि एका अंगानं आखूड पडायचा. कोणाच्या घरी काही टांगलेलं दिसलं की मी दुरूनच ओळखायचो, हे काशीरामचं.

मला ते कधी पटलं नाही. आहेर म्हणजे माणसानं स्वतःच्या घरातून काढून दिलेली वस्तू. ह्याचा आहेर दुसऱ्याच्या उकिरड्यावरून आलेला. आणि जो माणूस दारोदार फिरून चिंध्या मागतो तो घराघरात काय पाहत फिरतो, हेही कोणी विचारत नव्हतं. माझ्या वच्छीचं बारसं झालं तेव्हा त्यानं पाळण्यावर टांगायला तरटाचे पाच राघू आणले. डोळ्यांच्या जागी हिरव्या काचा, चोचीला लाल चिंधी. सगळ्या बाया "अगं माय, अगं माय" करत गोळा झाल्या. मी पाच माणसांत विचारलं, "काशीराम, हे तरट जिनातलं दिसते. मालकाले इचारलं होतं काय?" तो हसला. त्याला राग येत नसे, हीच मला मोठी संशयाची गोष्ट वाटे. म्हणाला, "साडभाऊ, फाटेल तरट मालक चुलीत घालते. मी पाखरात घातलं. चुलीनं तक्रार केली असन तं सांगा." सगळे हसले. मैनाही हसली... तोंडाला पदर लावून, पण हसली. ते मी लक्षात ठेवलं.

त्याच दिवशी पाळणा वर करताना मैनाचं लुगडं खुंटीत अडकून टर्रकन फाटलं. अंजिरी रंगाचं लुगडं, रुईफुली काठाचं. बारशासाठी तिच्या माहेरून आलेलं होतं. घरात अंजिरी दोरा नव्हता, म्हणून तिनं ते पांढऱ्या दोऱ्यानं तिथल्या तिथं सांधून घेतलं. मी म्हटलं, "लोकांत पांढरा दोरा दिसते तो." ती म्हणाली, "दिसू द्या. बाईचं लुगडं फाटते अन् बाईच शिवते, लोकाले काय नवल हाये?" अशी बोलायची. मला उलट बोललेलं चालत नसे आणि तिला उलट बोलल्याशिवाय चालत नसे. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी मी वावरातून आलो तर कोनाड्यात एक नवा करंडा दिसला. पत्र्याचा, झाकणावर ठोकून ठोकून कमळ काढलेलं. "कोणं आणला?" म्हटलं. "काशीरामभाऊजी आले होते. सरजाबाईनं तीळ पाठवले, त्याच्यासंगं हे बी." मी वावरात असताना हा कायले आला? तीळ पाठवायला दुसरा माणूस मिळाला नाही? मी तसं विचारलं नाही. मी दुसऱ्या दिवसापासून दुपारचं जेवायला घरी यायला लागलो. मैनाला कळलं की नाही कोणास ठाऊक. ती मुकाट ताट वाढायची आणि एक दिवस म्हणाली, "आता वावर दुपारचं पळून जात नाही वाटते." तिला कळलं असावं.

मग मानमोडीचं, त्या जीवघेण्या तापाच्या साथीचं, वर्ष आलं. ज्यांनी ते पाहिलं त्यांना सांगायला नको, ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून उपयोग नाही. गावात घर राहिलं नाही की ज्यातून माणूस उचललं नाही. मैना चौथ्या दिवशी गेली. वच्छी दोन वर्षांची होती, ती माझ्या आईच्या कडेवर बसून दारातली गर्दी पाहत होती आणि हसत होती. आमच्याकडे मेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवत नाहीत. अंगावरचं त्याच्यासोबत जातं, उरलेलं वरठ्याला, म्हणजे धोब्याला, देऊन टाकतात. माझ्या आईनं गाठोडं बांधलं आणि मी ते भिका वरठ्याच्या हातात दिलं. सोडून पाहिलं नाही. आत काय होतं, किती होतं, मला माहीत नव्हतं. करंडाही त्याच गाठोड्यात टाकायला लावला, तेवढं मात्र पाहिलं. दिवस झाले त्या दिवशी सरजाबाई माझ्याजवळ आली. "जवाईबुवा, तिचं एखांदं लुगडं मले द्या. लहानपणापासून मी नेसवलं तिले." मी म्हटलं, "सगळं गेलं. अन् असतं तरी देलं नसतं. गेलेल्याचं घरातून जाऊ द्याव." ती उंबऱ्यावरूनच परत गेली. मी दुसरं लग्न केलं नाही. त्यात काही मोठेपणा नव्हता, मला कोणाचं ऐकून घ्यायचं नव्हतं. पण मैनाचं नावही घरात काढू दिलं नाही. आई कधी बोलायला लागली की मी उठून गोठ्यात जायचो. वच्छी मोठी झाली ती मायचं नाव नसलेल्या घरात. एकदा, सात-आठ वर्षांची असेल, तिनं मला विचारलं, "बाबा, माय गोरी होती का काळी?" मी म्हटलं, "जाऊन गाईले पाणी दाखव." तिनं पुन्हा विचारलं नाही.

तिचं लग्न ठरलं किन्हीराजाला. घर चांगलं, वावर पाण्याचं. लग्नाच्या दिवशी मांडवात आहेर सुरू झाले. आमच्याकडे न्हावी उभा राहून एकेकाचं नाव घेऊन आहेर पुकारतो आणि वस्तू हातात उंच धरून सगळ्या मांडवाला दाखवतो. पातेली झाली, लुगडी झाली, चोळखण झाले. मग न्हाव्यानं पुकारलं, "नवरीचे मावसे काशीरामबुवा, यांच्याकडून... गोधडी!" वराकडचा एक टवाळ म्हातारा मागून ओरडला, "पाह्यजा रे, ढेकनं बी आहेरात धरले हायेत काय!" मांडव हसला. दोन बायांनी गोधडी धरून उलगडली आणि हसणं थांबलं. मी आजवर तसं काम पाहिलं नाही, आणि हे मी त्याची बाजू घेऊन सांगत नाही. चिंध्याच होत्या, पण रंगाला रंग असा लावला होता की पिकलेलं वावर टेकडीवरून पाहावं तसं वाटत होतं. मधोमध एक मोठा चौकोनी तुकडा. अंजिरी. त्याच्या चारी अंगांनी रुईफुली काठ. आणि काठाजवळ पांढऱ्या दोऱ्यानं सांधलेली बोटभर फाट.

समोर काशीराम उभा होता. तो गोधडीकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता. ओठ थोडे हसल्यासारखे. जवळ आला आणि हळूच म्हणाला, "साडभाऊ, ओयखलं काय?"

मी म्हटलं, "नाही."

तो काही बोलणार होता, तोंड उघडलं होतं... मग नुसती मान हलवून मागं सरला. आज मी विचार करतो की मी हो म्हटलं असतं तर त्यानं तिथंच सगळं सांगितलं असतं. पण त्या वेळी मला त्याच्या चेहऱ्यावर फक्त हसू दिसलं, आणि मैना पदराआडून हसली होती ते आठवलं, आणि कोनाड्यातला करंडा आठवला. लुगडं ह्याच्याकडे आलं कसं? भिकाला दिलं म्हणावं तर भिका मेलेल्याचं कापड विकणार नाही, त्याच्या जातीत ते चालत नाही. म्हणजे ते गाठोड्यात नव्हतंच. म्हणजे ती जिवंत असताना गेलं. म्हणजे तिनंच दिलं. एका कापडावरून मी एवढं सगळं मांडवात उभ्याउभ्या जुळवलं, आणि वर लोकांना वाढा, पाव्हण्यांना पान द्या, असं सांगतही होतो.

गोधडी मी वच्छीसोबत जाऊ दिली नाही. सामान गाडीत भरताना ती खालच्या खाली ओढून घेतली. पहिल्या दिवाळीला वच्छी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, मावसाची गोधडी इथंच राह्यली काय?" मी म्हटलं, "उंदरानं कुरतडली." ती म्हणाली, "सगळी?" मी म्हटलं, "सगळी." खरं तर ती गोठ्यातल्या छकड्यात होती. सरकीच्या पोत्यांखाली अंथरली होती मी ती. जाळता आली नाही आणि घरातही ठेवता आली नाही. रोज दिसावी आणि रोज तुडवली जावी, असं काहीतरी मनात असावं.

एका बाजाराच्या दिवशी मंगरुळात मी बैल सोडून छकड्याच्या फळीवर बसलो होतो. काशीराम आला. "साडभाऊ, राम राम." छकड्याला टेकून उभा राहिला आणि त्याची नजर आत गेली. पोती उतरवलेली होती. गोधडी उघडी पडली होती, एक कोपरा बाहेर लोंबत होता आणि चाकाच्या आऱ्याला घासून त्याची दशी निघाली होती. मी त्याच्याकडे पाहत होतो. आता बोलेल, म्हटलं. आता भांडेल आणि भांडणात खरं निघेल. त्यानं तो कोपरा उचलला, झटकला आणि चाकाला लागणार नाही असा नीट आत खोचून दिला. "बैल चांगले दिसून राह्यले," म्हणाला, आणि गेला. मी घरी येईपर्यंत हेच घोकत होतो की मुकाट आहे म्हणजे चोर आहे. ज्यानं काही केलेलं नाही तो माणूस विचारतो, अरे माझ्या आहेराची ही गत काहून केली? दोन पावसाळ्यांत तिचा चिखल झाला. शेवटी अंजिरी रंगाचा दोराही शोधून सापडला नसता.

त्यानंतर आमचं बोलणं बैलांपुरतं आणि कापसापुरतंच राहिलं. आता लढाईच्या दिवसांत कापड कंट्रोलवर गेलं, तेव्हा त्याची चलती झाली. नव्या लेकराला झबलं शिवायला कापड मिळेना, तेव्हा बाया त्याच्या परसात यायच्या. तो म्हातारा, पाठीतून वाकलेला, घराघरातून चिंध्या मागत फिरायचा. आमच्या गावातही आला. माझ्याही दारात आला, तीच आमची शेवटची भेट. "एखांदं फाटेल धोतर असन तं द्या साडभाऊ. खालच्या आळीत एक बाई बाळंत झाली, लेकरू पोत्यात गुंडाळून ठेवलं हाये." मी म्हटलं, "माह्या घरचं कापड तुह्या हाती गेलं की कुठं निघन त्याचा नेम नाही." एवढं बोललो मी. चौदा वर्षांत एवढंच. त्यानं माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मला वाटलं आता... पण तो म्हणाला, "बरं," आणि शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला. शेजारणीनं त्याला जुनं पांघरूण दिलं. त्यानं ते कपाळाला लावून घेतलं.

तेरवीला मी गेलो. जेवणं झाली, माणसं पांगली. सरजाबाई भिंतीला टेकून बसली होती, बाजूला त्याचं चिंध्यांचं पोतं तसंच. मी निघायचं म्हणून उठलो तेव्हा ती म्हणाली, "जवाईबुवा, मैनाच्या लुगड्याची गोधडी वच्छी अजून आंगावर घेते काय? हे सांगत की रोज घेते म्हणून. झिजली असन आता."

मी परत बसलो. "बाई," म्हटलं, "ते लुगडं तुमच्या घरी कसं आलं?"

"तुमाले यायनं सांगतलं नाई?" तिला खरंच नवल वाटलं. "मी तुमाले मागतलं, तुमी नाही म्हणलं. मी घरी येऊन तीन दिवस जेवली नाई. मंग हे उठले अन् भिका वरठ्याकडं गेले. दिवाळीचे दोन कोरे धोतरं होते, ते त्याले देले अन् लुगडं आणलं. मले म्हणे, तू नेसू नको, वच्छीसाठी ठेव. तिच्याजवय मायचं काईच नाही. बारा वर्षं पेटीत ठेवलं, जवाईबुवा. कडूनिंबाचा पाला मीच बदलत होती." मग म्हणाली, "लग्नात तुमी ओयखान अन् तुमाले बरं वाटन, असं यायले लय वाटे."

खरं सांगायचं तर तिच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला नाही. बायकोला जेवायला लावण्यासाठी माणूस दोन कोरी धोतरं देतो, हे मी कुठं पाहिलं नव्हतं. वच्छी रोज गोधडी अंगावर घेते, असं तो हिला चौदा वर्षं सांगत आला. स्वतःच्या डोळ्यांनी छकड्यात पाहूनही. म्हणजे खोटं बोलता येत होतं त्याला. मग आणखी कुठं कुठं बोलला असेल? आणि नवरा मेल्यावर बाई त्याच्या बाजूनंच बोलणार. मी गावाला आलो तो घरी न जाता नाल्यावर भिकाकडे गेलो.

भिका आता डोळ्यानं अधू झाला आहे. त्याची सून कपडे धुते, तो दगडावर बसून राहतो. मी विचारलं. तो म्हणाला, "हो, आला होता काशीरामबुवा. मानमोडी सरली तवा. दोन धोतरं देले, कोरे. मी म्हणलं मेलेल्याचं कापड परत देत नाही, पाप लागते. तो म्हणे, लेकराची माय हाये ते, कापड नाही. मी काय बोलाव मंग? देलं."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी इचारलं काय कधी? तुमी तं जवा येता तवा, भिका, धोतर पिवयं काहून पडलं, भिका, एक चादर कमी काहून भरली. मेलेल्या बाईचं लुगडं कुठं गेलं, हे इचाराले तुमाले येळ कुठं होता?" मग तो हसला, दात नसलेल्या तोंडानं. "अन् काशीरामबुवा म्हणे, पाटलाले आपल्या तोंडून सांगू नको. मी सांगीन लग्नात. आता सांगतलं तं तो त्याच्यात काई ना काई शोधीन."

दुसऱ्या दिवशी मी छकडा जुंपला आणि किन्हीराजाला गेलो. दुपार कलली होती, वच्छी अंगणात सरकी वाळत घालत होती. तिचं चौथं लेकरू कडेवर. "बाबा? काहून आले? कोणाले काई झालं काय?" मी म्हटलं, पाणी दे आधी. पाणी प्यालो आणि सांगून टाकलं. उंदरानं कुरतडली नव्हती. माझ्या छकड्यात होती. आणि ती नुसती गोधडी नव्हती, मधोमध तुझ्या मायचं लुगडं होतं, मावसानं दोन कोरी धोतरं देऊन भिकाकडून आणलेलं. माझ्या मनात काय शंका होती तेही सांगितलं. लेकीला असं सांगू नये, पण अर्धं सांगितलं असतं तर ते सांगितलं नसल्यासारखंच होतं.

तिनं लेकराला खाली ठेवलं. सरकीत हात घातला, काढला, परत घातला. मग म्हणाली, "रंग कोणता होता?"

"अंजिरी."

"काठ?"

"रुईफुली. अन् बोटभर फाटेल होतं ते पांढऱ्या दोऱ्यानं सांधेल होतं. तुह्या बारशाच्या दिवशी फाटलं. मी रागावलो तं म्हणे, बाईचं लुगडं फाटते अन् बाईच शिवते." मी बोलत गेलो. कशी बसायची, कशी उलट बोलायची, दुपारी वावर पळून जात नाही म्हणाली होती तेसुद्धा. गोरी होती का काळी, तेही सांगितलं. सावळी होती, तुझ्यापेक्षा एक रंग कमी. सत्तावीस वर्षांत मी एवढं बोललो नव्हतो. वच्छी माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती आणि मधेच म्हणाली, "खरं सांगता नं बाबा?"

मी म्हटलं, "खरं."

"तुमचा भरवसा नाही," ती म्हणाली. रागानं नाही, सहज. "मी मावशीले इचारीन."

"इचार," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिला दाखवायला माझ्याजवळ कापडाची दशी नव्हती.

रात्री तिथंच राहिलो. सकाळी निघताना ती दारात आली. रडलेली होती, पण आवाज खणखणीत होता, मायसारखा. "बाबा, तुमचा फेटा द्या."

"कायले?"

"गोधडीत घालीन. मावसा मले शिकवून गेले, मले येते. तुमी गेल्यावर तो भिकाच्या घरी जाईन, मंग मी कोणाले धोतरं देत फिरू? आताच द्या."

मी म्हटलं, वेडी झाली काय, बोडख्यानं गावाला जाऊ? ती हात पुढं करून उभीच राहिली. मी तिच्या जिद्दीला पुरलो नाही... मी कोणाशी हरलो असेन तर त्या दोघी मायलेकींशी. फेटा उतरवला. तिनं तो हातावर घेतला, उजेडाकडे धरून विरलेली जागा बोटानं पाहिली आणि चांगली जागा कुठवर आहे ते वीतभर वीतभर मोजत आत गेली. अगदी काशीरामसारखी, माझ्याकडे न पाहता.

ऊन चढलं होतं. उघड्या डोक्यानं मी कधी गावात आलो नाही. आमच्याकडे घरात माणूस गेलं तरच पुरुष बोडखा दिसतो. वेशीत पानपट्टीवाला उठून उभा राहिला. "पाटील... कोण गेलं हो?"

"माहा साडू," मी म्हटलं.

तो गोंधळला. "मंगरुळचे काशीरामबुवा? त्यायले तं पंधरा दिवस झाले."

"हो," मी म्हटलं, आणि बैलांना थांबवून तिथंच, भर रस्त्यात, थोडा वेळ बसून राहिलो.